बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजा : एच४ रिले किट, घरच्या घरी

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. गाडीला एच४ बल्ब (डिपर म्हणजे जवळचा आणि अप्पर म्हणजे लांबचा, असे दोन्ही झोत देणारा हॅलोजन) असेल, गाडी सात-आठ वर्षांहून जुनी असेल आणि रात्री दिवे लावूनही ‘लागलेत ना?’ अशी शंका येत असेल, तर एलईडीच्या नादी लागू नका. साडेआठशे रुपयांचं रिले किट (दिव्यांना बॅटरीतून थेट करंट देणारी जादा वायरिंग), साधे ६०/५५ वॅटचे बल्ब आणि रविवारची एक दुपार एवढ्यात भागतं. किटला पाचपैकी साडेतीन गुण. दीड कुठे कापला ते पुढे येईल. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे गुण कापले की कारण लिहायची सवय आहे.

गाडी २०१४ ची वॅगनआर. मी चिपळूणला, नवरा नोकरीसाठी कराडला, म्हणजे शनिवारी कॉलेज सुटलं की कुंभार्ली घाट ठरलेला. पोफळी सोडली की चढ सुरू होतो आणि पावसाळ्यात तिथून वर कोयनेपर्यंत रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा हाच काय तो आधार. तो पट्टा दिसेनासा झाला तेव्हा मी दिव्यांकडे लक्ष द्यायला लागले. समोरून ट्रक आला, त्याचे दिवे डोळ्यांवरून गेले की पुढचे दोन-तीन सेकंद आपल्या दिव्यांचा रस्त्यावर पत्ताच नाही.

गॅरेजमध्ये विचारलं तर पहिलं उत्तर ‘बल्ब बदला’ आणि दुसरं ‘एलईडी टाका मॅडम, दिवस उजाडेल’. घरी अकरावीतल्या मुलाचंही तेच मत. मी मल्टिमीटर काढला.

ही मोजणी कुणालाही जमेल, आणि सगळा निर्णय तिच्यावरच घ्यायचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर १४.१ व्होल्ट. मग बल्बच्या मागच्या होल्डरमध्ये, बल्ब पेटलेला असतानाच, मल्टिमीटरच्या पिना तारेच्या बाजूने हळूच आत सरकवल्या. १२.३. होल्डर काढून रिकाम्या पिनांवर मोजलं तर १४ च दिसतात, कारण करंट वाहत नाही आणि करंट नाही तर तारेत घटही नाही. बरेच वायरमन तसंच मोजतात आणि ‘सप्लाय फुल आहे’ म्हणून मोकळे होतात.

१.८ व्होल्ट गेले कुठे? बॅटरी बोनेटखाली, दिवाही बोनेटखाली, दोघांत जेमतेम हातभर अंतर. पण आमच्यासारख्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डमागे जातो, स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरतो आणि मग पुढे येतो. वाटेत बारीक तार, फ्यूजची पाती, कपलर आणि त्या स्विचचे झिजलेले काँटॅक्ट. दोन्ही डिपरचा मिळून साधारण ९ अँपियर करंट धरा, १.८ गुणिले ९ म्हणजे १६ वॅट. एवढी उष्णता वाटेत वाया जाते आणि तिचा चांगला वाटा स्विचच्या प्लॅस्टिकला बसतो. जुन्या गाड्यांचे कॉम्बिनेशन स्विच जळतात ते काही उगाच नाही.

‘एक-दोन व्होल्टनं काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी: हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नाही, साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की प्रकाश तीस टक्के जातो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्र. ३७ नुसार एच४ चं माप १३.२ व्होल्टला धरतात, अप्पर १६५० लुमेन (एकूण प्रकाशाचं एकक) आणि डिपर १०००. माझ्या १२.३ व्होल्टवर डिपरचे ७९० च्या आसपास राहिले होते. किट बसवल्यावर होल्डरमध्ये १३.७ व्होल्ट आले. त्याचे होतात ११३० च्या आसपास. बल्ब तोच, प्रकाश पूर्वीच्या जवळजवळ दीडपट.

तुमच्या होल्डरमध्ये मुळातच साडेतेराच्या वर व्होल्ट येत असतील तर किट घेऊ नका. पैसे वाचले, पुढचं काचेचं आणि लेव्हलचं तेवढं वाचा.

रिले म्हणजे दुसरं काही नाही, बारीक करंटवर चालणारा दांडगा स्विच. स्टिअरिंगजवळचा जुना स्विच आता फक्त रिलेच्या कॉइलला (आतली तारेची गुंडाळी, जी चुंबक होऊन स्विच ओढते) करंट देतो, अँपियरचा पाचवा हिस्साही लागत नाही. बल्बचा खरा करंट बॅटरीतून थेट जाड तारेने, रिलेतून, दिव्याकडे. रिलेच्या बुडाशी आकडे छापलेले असतात आणि ते जगभर सारखेच: ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे दिवा, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. एवढे चार आकडे ध्यानात ठेवले की वायरमनशी बरोबरीनं बोलता येतं.

आता किट. मी ऑनलाइन मागवलं. हे असलं किट पाच-सहा नावांनी विकलं जातं आणि आतला माल बहुतेक एकाच साच्यातला असतो, त्यामुळे नाव सांगून कुणाचा फायदा नाही. आत काय बघायचं ते सांगते. दोन रिले (एक डिपरचा, एक अप्परचा), दोन सिरॅमिक होल्डर, एक कपलर जो गाडीच्या मूळ होल्डरमध्ये बसतो, बॅटरीकडे जाणारी लाल तार फ्यूजसकट, आणि दोन्ही बाजूंना अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायच्या, काळ्या तारा. सिरॅमिक होल्डरबद्दल पूर्ण गुण. आमचे मूळ होल्डर प्लॅस्टिकचे होते आणि एकाची कड तपकिरी पडून कुरकुरीत झाली होती, नखाने भुगा निघत होता. रिलेही चांगले, टक्कन आवाज करून धरतात. मूळ वायरिंग कुठेही कापावी लागली नाही, हा सगळ्यात मोठा गुण.

कापलेले गुण असे. अर्धा गुण तारेबद्दल. बाहेरून बघाल तर बोटभर जाड, आत तांबं मोजकं. जाडी सगळी रबराची. चालतं, कारण अंतर कमी आहे, पण डब्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहायला धीर पाहिजे. अर्धा गुण अर्थच्या लगबद्दल, म्हणजे तारेच्या टोकाच्या, बोल्टखाली आवळायच्या धातूच्या कडीबद्दल. तारेवर नुसती चिमटलेली, ओढली तर हातात आली. मी दोन्हीकडे नवीन लग क्रिंप करून, वर सोल्डर मारून, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली. आणि अर्धा गुण फ्यूजचा, ही चूक खरी गंभीर. फ्यूज लाल तारेच्या मधोमध होता. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार फ्यूजच्या संरक्षणात नसते. ती कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर जळेपर्यंत बॅटरी करंट ओतत राहणार. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं, म्हणून तार कापून तो टर्मिनलपासून चार बोटांवर आणला. शिवाय फ्यूजच्या डबीला झाकण नावापुरतंच. देशावर चालून जाईल, कोकणात जुलैमध्ये नाही. झाकण असलेली डबी ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात शंभराच्या आत मिळाली.

बसवणं सोपं आहे, पण क्रम पाळा. पहिल्यांदा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवा, शेवटी तेच जोडा. रिले उभे लावा, पिना खाली, म्हणजे पाणी ओघळून जातं, आत मुरत नाही. तारा रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीमागून नेल्या आणि वितीवितीवर झिप टायने बांधल्या. पंख्याजवळ एकही तार लोंबती नको. अर्थसाठी बॉडीचा बोल्ट निवडताना खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, मग लग आवळा, वर थोडं ग्रीस. बॅटरीच्या बाजूच्या दिव्यामागे हात जेमतेम जातो. बल्बची स्प्रिंग क्लिप डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच चाचपून काढावी लागते. बांगड्या आधी उतरवा. किट एका बाजूच्याच मूळ होल्डरमधून इशारा घेतं, दुसरीकडचा होल्डर रिकामा राहतो. तो टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवा.

एक गोष्ट मात्र खरेदीआधीच तपासा. जपानी घराण्यातल्या काही गाड्यांत दिव्याचा स्विच पॉझिटिव्हच्या नाही, अर्थच्या बाजूला असतो. म्हणजे होल्डरच्या सामाईक पिनेवर कायम १२ व्होल्ट आणि स्विच टाकला की दुसरी पिन अर्थ होते. होल्डर काढून एकेका पिनेवर बॉडीच्या संदर्भात मोजलं की कळतं. किटच्या कॉइलची दोन्ही टोकं त्या कपलरमध्येच असतील तर काही बिघडत नाही. एक टोक थेट बॉडीला असेल तर रिले धरतच नाही आणि माणूस दुपारभर तारा उलटसुलट करत बसतो. विक्रेत्याला नेमका हा प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

चिपळूणकरांसाठी आणखी एक. २०२१ च्या पुरात बुडून निघालेल्या गाड्या अजून बाजारात फिरताहेत. सेकंडहँड घेतलेली गाडी असेल तर पुढच्या कपलरमध्ये टॉर्च मारून बघा. तांब्यावर हिरवी पूड दिसली तर व्होल्टेज तिथेच अडकतंय, आणि कधी कधी ती साफ केल्यावर किटचीही गरज उरत नाही.

बल्बचं थोडक्यात. मी ऑसरॅमचे साधे ६०/५५ घातले, घरगुती दुरुस्तीला तेच बरे. नाइट ब्रेकर लेझरसारख्या बल्बच्या डब्यावर ‘१५० टक्के जास्त’ लिहिलेलं असतं. ती तुलना नियमातल्या किमान मापाशी, आणि तीही रस्त्यावरच्या ठरावीक जागेपुरती. एकूण लुमेन नियमाच्या चौकटीबाहेर जाऊच शकत नाहीत. फिलामेंट आखूड आणि नेमकं असल्यामुळे झोत खरंच चांगला पडतो, फक्त आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी. त्यात रिले लावला की भर पडते: व्होल्टेज पाच टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून रिलेवर साधा बल्ब लावा आणि एक जोडी डॅशबोर्डच्या खणात ठेवा. काचेला बोट लावायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर तेलकट ठिपक्यापाशी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

किटच्या डब्यावर ‘१००/९० वॅटसाठी योग्य’ असंही छापलेलं होतं. तार सोसेल कदाचित. मागचा रिफ्लेक्टर ६०/५५ च्या उष्णतेसाठी केलेला असतो; त्याचा चांदीसारखा मुलामा एकदा करपला की मग कुठलाही बल्ब लावा, उजेड मेलेलाच. आणि रस्त्यावर ते बल्ब वापरायला परवानगी नाही.

आता ज्याची सगळ्यांना उत्सुकता तो एलईडी. दिरांनी त्यांच्या गाडीत बसवलाय, म्हणून दोन्ही गाड्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर शेजारी शेजारी उभ्या केल्या. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली इवलीशी पत्र्याची वाटी. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड वर जात नाही. माझ्या गाडीचा भिंतीवरचा आकार स्वच्छ होता: उजवीकडे सरळ आडवी रेघ, डावीकडे ती तिरकी वर चढते, म्हणजे समोरच्याचे डोळे वाचतात आणि आपल्या कडेचा चर, दगड, माणूस दिसतो. दिरांच्या गाडीचा आकार सांगायचा तर भिंतीवर पांढऱ्या रंगाचा डबा उपडा झाला होता. रेघ अशी नव्हतीच. वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उजेड.

कारण साधं आहे. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू एका बारीक तापलेल्या तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एलईडी बल्बमध्ये त्या जागी तार नसते, एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप असतात. जागा मिलिमीटरभर हलली तरी झोत फुटतो. गाडीच्या पुढ्यातला पंधरा-वीस मीटरचा डांबर झगझगीत दिसतो, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं काय उजेड आहे! पण जवळचं जितकं झगझगीत तितकी बाहुली बारीक होते आणि लांबचं कमी दिसतं. घाटाच्या वळणावर लांबचंच लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवेल असा झोत चालत नाही. दिरांना म्हटलं, भाऊजी, तुम्हीच पुढे जाऊन उभे राहा. राहिले. डोळे चोळत परत आले, आणि तरी दिवे काढले नाहीत ते नाहीतच. ‘समोरचेही तसलेच लावतात, वहिनी’ हे त्यांचं उत्तर, आणि त्यावर माझ्याकडे भौतिकशास्त्रात तोड नाही.

एलईडी वाईट असं माझं म्हणणं नाही. कंपनीतूनच एलईडी म्हणून आखलेले दिवे उत्तम असतात. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी काही एलईडी बल्ब चालतात, पण तेही त्या बल्बसाठी तपासलेल्या, यादीत नाव असलेल्या गाड्यांपुरते. आपल्याकडे यादी नाही, बल्ब मात्र गल्लोगल्ली आहेत.

काचेचं काम मी किटच्या आधीच करून घेतलं होतं आणि तुम्हीही तसंच करा, नाहीतर दीडपट झालेला उजेड पिवळ्या प्लॅस्टिकमध्येच अडकेल. दिव्याची ‘काच’ ही पॉलिकार्बोनेट असते. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की पिवळी आणि धुरकट. कडेने मास्किंग टेप, मग पाणी मारत १००० नंबरचा वॉटर पेपर, त्यावर २०००, मग रबिंग कंपाउंड. पहिल्या पेपरनंतर काच दुधी होते आणि घरातले ‘वाट लावलीस’ म्हणतात. लक्ष देऊ नका, घासत राहा. टूथपेस्टनेही थोडं उजळतं, कारण तीही बारीक घासणारीच, पण वर यूव्ही रोखणारा क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत परत पिवळं. हा कोट सोडून बाकी सगळं करणारे फार.

लेव्हल. हे फुकट असतं, म्हणून कुणी करत नाही. बल्ब काढ-घाल केली की झोत हलतो. सपाट जागा, टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी, दिवे खाली-वर करायची चकती असेल तर शून्यावर, आणि ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. आमच्याकडे सासूबाईंना बसवलं. त्या जपमाळ घेऊन बसल्या आणि मध्येच ‘गाडी चालू करू का गं?’ विचारून मला भिंतीपासून दूर पळवलं. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी, बल्बच्या मधोमधच्या उंचीची भिंतीवर खडूने रेघ, आणि डिपरची आडवी कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली. हा झाला एक टक्का उतार. बऱ्याच दिव्यांवर नेमका किती ते कोरलेलंही असतं. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचे दातेरी स्क्रू असतात, अर्धा फेरा फिरवा आणि बघा, घाई नको. माझा डावा दिवा रेघेच्या वर निघाला. म्हणजे समोरचे मला डिपर मारायचे ते का, हेही कळलं.

रस्त्यावर फरक कुठे जाणवला? कोरड्या रात्री पाट्या आधी वाचता येतात, वळणावर कठड्याचे पट्टे उठून दिसतात. पावसात पांढरा पट्टा परत दिसायला लागला, माझ्यासाठी तेवढं पुरे. हॅलोजनचा पिवळसरपणा ओल्या डांबरावर डोळ्यांना सुसह्य वाटतो हेही आहे. धुक्यात काडीचा फरक नाही. जुलैमध्ये घाटमाथ्यावर ढग उतरला की अप्पर दिला तर समोर पांढरी भिंत, डिपरवर हळू जायचं, यात रिले काय करणार!

गाडी वॉरंटीत असेल तर हा उद्योग करू नका. सर्व्हिस सेंटर वायरिंगची कुठलीही तक्रार तुमच्याच माथी मारेल. आपोआप लागणारे दिवे किंवा बल्ब गेल्याचा इशारा देणारी गाडी असेल तर तिलाही हात लावू नका. तिथे कंप्युटर करंटवर नजर ठेवून असतो. आमची दहा वर्षांपलीकडची, साधीसुधी, तिला हरकत नाही.

शेवटचं, बसवताना कुणा वायरमनची मदत घेतलीत तर एका गोष्टीवर उभं राहून लक्ष ठेवा. त्याला मूळ होल्डर कापून तारा थेट जोडायची भारी हौस असते, ‘लूज काँटॅक्ट राहत नाही मॅडम’ म्हणून. कापू देऊ नका. अर्ध्या घाटात रिले बंद पडला तर किटचा होल्डर काढायचा, मूळ होल्डर बल्बला खोचायचा, की जुन्या वायरिंगवर दिवे चालू. आणि किटमधल्या फ्यूजच्याच अँपियरचा एक जादा फ्यूज त्या नव्या डबीच्या शेजारीच टेपने चिकटवून ठेवा.